कॉर्टिकोस्टेरॉइड शरीरात नेमके काय करतात

इंदूरच्या मराठी घरांत स्टेरॉइडबद्दल दोन परस्परविरोधी सवयी एकत्र नांदताना दिसतात. सहा-सात वर्षांच्या नातवाला दम्यासाठी डॉक्टरांनी पंप लिहून दिला, की "नको हो, त्यात स्टेरॉइड असतं, पोराला सवय लागेल" असे म्हणून तो कपाटात ठेवला जातो. आणि त्याच घरात जांघेतल्या खाजेवर लावायची ट्यूब, गुडघेदुखीवर कुठूनशी आणलेल्या बिननावाच्या पुड्या किंवा मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवरची ॲलर्जीची गोळी मात्र कोणालाही न विचारता वापरली जाते. पंपात स्टेरॉइड असते हे खरे आहे. पण त्या ट्यूबमध्ये, पुडीत आणि गोळीतही पुष्कळदा तेच असते, आणि पुडी-गोळीत तर पंपापेक्षा कितीतरी अधिक असते. रामबागेजवळच्या औषधाच्या दुकानात बसताना मला हे रोज पाहावे लागते, म्हणून हे औषध शरीरात काय करते ते सविस्तर मांडावेसे वाटले. त्याचे फायदे आणि अपाय एकाच कृतीतून कसे निघतात हे एकदा ध्यानात आले, की कशाला भ्यायचे आणि कशाला नाही हे ठरवणे बरेच सोपे जाते.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम भरते. तिच्या गाभ्यात ॲड्रिनलिन तयार होते, आणि बाहेरच्या आवरणात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, कोलेस्टेरॉलपासून तीन प्रकारची संप्रेरके बनतात. सर्वांत बाहेरच्या थरातले अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ राखून ठेवायला लावते आणि रक्तदाब सांभाळते. मधल्या जाड थरात कॉर्टिसॉल बनते. आणि सर्वांत आतल्या थरात पुरुषी संप्रेरकांची कच्ची रूपे थोड्या प्रमाणात बनतात. आपल्याला औषध म्हणून मिळणारी बहुतेक स्टेरॉइड ही मधल्या थरातल्या कॉर्टिसॉलची नक्कल आहेत. व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी चोरून घेतली जाणारी स्टेरॉइड ही टेस्टोस्टेरॉनची नक्कल असतात. दोन्हींचा रासायनिक सांगाडा सारखा असला, तरी कामे अगदी वेगळी आहेत. किंबहुना कॉर्टिसॉलच्या जातीची औषधे दीर्घकाळ घेतली तर स्नायू वाढण्याऐवजी झिजतात.

कॉर्टिसॉल दिवसभर सारख्या प्रमाणात पाझरत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास रक्तातले त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते, पहाटेपासून ते चढू लागते आणि सकाळी सहा ते आठच्या आसपास शिखरावर पोहोचते. निरोगी प्रौढ माणसाचे शरीर दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवते. मोठे ऑपरेशन, अपघात किंवा तीव्र ताप असला की हे उत्पादन कितीतरी पटींनी वाढते. किती बनवायचे हे मात्र ॲड्रिनल ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते, आणि त्या एसीटीएचच्या प्रमाणानुसार ॲड्रिनल ग्रंथी काम करते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच वर जाऊन हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी या दोघांनाही थांबवते.

आपल्या गच्चीवरच्या टाकीत नर्मदेचे पाणी चढवताना हीच व्यवस्था असते: पाणी वर आले की फ्लोट उचलला जातो आणि व्हॉल्व्ह बंद होतो, पाणी उतरले की तो पुन्हा उघडतो. आता समजा, आपण महिनोन्‌महिने टँकरने टाकी काठोकाठ भरत राहिलो, तर तो व्हॉल्व्ह उघडण्याची वेळच येत नाही आणि शेवटी तो जागच्या जागी गंजून बसतो. बाहेरून गोळीवाटे स्टेरॉइड घेताना नेमके हेच घडते. मेंदूला रक्तात भरपूर कॉर्टिसॉलसदृश द्रव्य दिसते, एसीटीएच थांबते, आणि एसीटीएचवाचून ॲड्रिनलचा मधला थर आक्रसू लागतो. सर्वांत बाहेरच्या थराचे नियंत्रण मुख्यतः मूत्रपिंडाकडे असते, त्यामुळे तो टिकतो. या गोष्टीकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे, कारण स्टेरॉइडमुळे होणारे सर्वांत घातक प्रसंग बहुधा येथेच उद्भवतात.

कॉर्टिसॉल पेशीत शिरून काय करते, हा या विषयाचा गाभा आहे. रक्तातले नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेले असते. उरलेले मोकळे कॉर्टिसॉलच कामाचे. ते स्निग्ध स्वभावाचे असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सरळ आत जाते आणि तेथे वाट पाहत असलेल्या ग्राही प्रथिनाला जोडले जाते. ही जोडी मग पेशीच्या केंद्रकात शिरते आणि थेट डीएनएवर काम करते: काही जनुकांचे वाचन वाढवते, काहींचे थांबवते. म्हणजे स्टेरॉइड हे पेशीचे एखादे काम तात्पुरते रोखणारे औषध नव्हे. पेशीने कोणती प्रथिने बनवायची आणि कोणती नाही, हेच ते बदलून टाकते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की परिणाम दिसायला काही तास लागतात, कारण नवे प्रथिन बनायला आणि जुने संपायला वेळ लागतो. दम्याचा जोरदार झटका आलेल्या रुग्णाला शिरेतून स्टेरॉइड दिल्यानंतरही नेब्युलायझरवर श्वासनलिका उघडणारे दुसरे औषध चालू ठेवतात ते याचसाठी. नातेवाइकांना वाटते की इंजेक्शन लागू पडले नाही, पण त्याचा परिणाम अजून तयार होत असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा ग्राही शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. त्यामुळे तोंडावाटे घेतलेली गोळी सुजलेल्या सांध्यापुरती कधीच काम करत नाही; यकृत, स्नायू, हाडे, डोळे, त्वचा, मेंदू या सगळ्यांनाच ती गाठते.

दाह, म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना, ही मुळात शरीराची संरक्षक क्रिया आहे. पेशींमधले एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन जागे झाले, की दाहाला चेतवणारी अनेक रसायने एकदम तयार होऊ लागतात. स्टेरॉइडने केंद्रकात नेलेली जोडी या प्रथिनालाच अडवते. शिवाय पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही दोन्ही दाहकारक रसायनांची कुळे जेथून सुरू होतात, तो पहिलाच टप्पा स्टेरॉइडमुळे मंदावतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके यांपैकी फक्त एका फाट्यावर, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनवर, काम करतात. म्हणून स्टेरॉइडचा दाहशामक परिणाम इतका व्यापक आणि इतका स्पष्ट जाणवतो.

पांढऱ्या पेशींवरचा परिणामही लक्षात ठेवण्याजोगा आहे. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल रक्तातून कमी होतात. न्यूट्रोफिल मात्र रक्तवाहिन्यांच्या भिंती सोडून प्रवाहात येतात आणि बाहेर ऊतींमध्ये जाऊ शकत नाहीत. त्यामुळे स्टेरॉइड चालू असताना केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो. "ताई, रिपोर्टमध्ये काउंट वाढलाय, इन्फेक्शन झालंय का?" असे विचारत लोक घाबरून येतात. तो आकडा पुष्कळदा औषधाचाच असतो. उलट, ज्या पेशींनी जंतूंपर्यंत पोहोचायचे त्या रक्तातच अडकून पडल्यामुळे खरा संसर्ग दबून राहतो, ताप येत नाही, वेदना जाणवत नाही आणि निदान उशिरा होते. ही बाजू मला अधिक काळजीची वाटते.

आता हाच ग्राही इतर अवयवांत काय करतो ते पाहू. यकृतात तो साखर बनवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, वाढवतो, आणि स्नायू व चरबी यांना इन्शुलिनचे ऐकेनासे करतो. परिणामी रक्तातली साखर चढते. साखर बनवायला कच्चा माल हवा, तो स्नायूंमधली प्रथिने मोडून मिळवला जातो. हाडे घडवणाऱ्या पेशी मंदावतात आणि आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते. त्वचेतले कोलॅजेन कमी होते, जखमा सावकाश भरतात. चरबी हातापायांवरून सरकून चेहरा, मान आणि पोट यांवर जमते. हे सारे वाचून कॉर्टिसॉल म्हणजे शत्रूच वाटेल, आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्यसल्ल्यांत त्याला तसेच रंगवलेही जाते. मला ते अन्यायाचे वाटते. उपासमार, रक्तस्राव, जखम किंवा तीव्र आजार अशा संकटात मेंदूला साखर मिळत राहावी, रक्तदाब कोसळू नये आणि शरीराचा स्वतःचाच दाह शरीराला गिळू नये, म्हणून ही व्यवस्था आहे. कॉर्टिसॉल अजिबात नसलेला माणूस साध्या जुलाबाच्या आजारातही दगावू शकतो. अपाय होतो तो संकटकाळासाठी असलेली पातळी महिनोन्‌महिने टिकवून ठेवल्यामुळे. दाह शमवणारा गुण ठेवून बाकीचे परिणाम वगळणारे स्टेरॉइड शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण दोन्ही गुण एकाच ग्राहीतून येत असल्यामुळे त्यांना मर्यादितच यश मिळाले आहे.

ही ग्रंथी जीवनावश्यक आहे हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले. थकवा, उलट्या, काळवंडलेली त्वचा आणि अखेर मृत्यू अशा अवस्थेतून गेलेल्या रुग्णांच्या ॲड्रिनल ग्रंथी नष्ट झालेल्या त्यांना आढळल्या. कारण पुष्कळदा क्षयरोग असे, आणि आपल्याकडे आजही ते एक कारण आहे. त्यानंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या १९२९ मध्ये लक्षात आले, की आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की त्याचे सांधे काही काळ मोकळे होतात. गरोदरपणातही तसेच घडे. शरीरच कुठलेतरी आराम देणारे द्रव्य बनवत असावे, असा त्यांचा तर्क होता. त्याच संस्थेतले एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधले टाडेउश राइखस्टाइन हे ॲड्रिनलमधली द्रव्ये वेगळी करत होते. त्यांतले कॉर्टिसोन सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला टोचण्यात आले, आणि आठवडाभरात ती बाजारात फिरून आली. तिघांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र औषध थांबवले की आमवात परत येतो आणि चालू ठेवले तर चेहरा सुजतो, हेही लवकरच दिसून आले. स्टेरॉइड रोगाचे मूळ काढत नाही, दाह दाबते. हा धडा पहिल्या दोन-तीन वर्षांतच मिळाला होता आणि तो आजही तितकाच लागू आहे.

सुरुवातीला कॉर्टिसोन बैलांच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक टप्प्यांनी बनवावे लागे, त्यामुळे ते अतिशय महाग होते. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीतल्या पीटरसन आणि मरे यांनी दाखवले, की रायझोपस नावाची बुरशी त्यांतला सर्वांत अवघड टप्पा सहज पार पाडते. कच्चा माल म्हणून मेक्सिकोतल्या जंगली कंदापासून काढलेले प्रोजेस्टेरॉन वापरता येऊ लागले आणि औषध सामान्यांच्या आवाक्यात आले. रायझोपसचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे फार वेगळ्या संदर्भात येणार आहे.

पुढच्या काही वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत थोडे थोडे बदल करून अधिक जोरकस नकला बनवल्या. शरीरातले कॉर्टिसॉल औषध म्हणून दिले की त्यालाच हायड्रोकॉर्टिसोन म्हणतात. दाह शमवण्याच्या बाबतीत २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ६ मिलिग्रॅम डिफ्लाझाकोर्ट, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे साधारण समान मानले जातात. म्हणून गोळीवरचा आकडा लहान म्हणजे औषध सौम्य, असे समजू नये. अर्ध्या मिलिग्रॅमची डेक्सामेथासोनची चिमुकली गोळी तीन मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोनच्या तोडीची असते, आणि तिचा परिणाम शरीरात दीड ते दोन दिवस रेंगाळतो. दम्यासाठी चार-पाच दिवस दिले जाणारे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे १६० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, अर्थात शरीराच्या रोजच्या उत्पादनाच्या आठ ते सोळा पट. थोड्या दिवसांसाठी शरीर ते सहन करते आणि त्यातून जीव वाचतात. वर्षभर चालू राहिले तर तीच मात्रा हाडे पोखरते.

येथे घरगुती औषधांतली एक गोष्ट सांगणे जरूर आहे. मूत्रपिंडात कॉर्टिसॉलने अल्डोस्टेरॉनच्या जागी बसून मीठ साठवू नये म्हणून एक विकर त्याला तेथेच निष्क्रिय करत असते. जेष्ठमधातले ग्लायसिरायझिन हे द्रव्य त्या विकरालाच अडवते. खोकल्यासाठी एखादी काडी चघळण्याने काही बिघडत नाही, पण रोज भरपूर काढा घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. त्यातच स्टेरॉइडची गोळी किंवा बीपीचे लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर परिणाम अधिक जाणवतो.

आता पंपाकडे वळू. बुडेसोनाइडच्या पंपातून एका दाबाला १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध येते. २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा घेतले तरी ते ०.४ मिलिग्रॅम होते; झटक्यात घ्यावी लागणारी प्रेडनिसोलोनची गोळी ४० मिलिग्रॅमची, म्हणजे वजनाने शंभरपट. बुडेसोनाइड हे प्रेडनिसोलोनपेक्षा अधिक जोरकस आहे, त्यामुळे केवळ वजनाची तुलना पुरेशी नाही. पण ते थेट श्वासनलिकेवर पडते, आणि त्यातला जो भाग गिळला जातो त्यातला बहुतांश यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते. दीर्घकाळ पंप घेणाऱ्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरीने सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते असे आढळले आहे, आणि हे पालकांपासून लपवू नये. पण पंप टाळल्यामुळे दिवाळीनंतरच्या थंडीत वारंवार झटके येऊन ज्या मुलाला वर्षातून तीन-चारदा गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागतो, त्याच्या शरीरात पंपापेक्षा पुष्कळ अधिक स्टेरॉइड जाते, शिवाय झटक्यात जीव धोक्यात येतो तो वेगळा. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते; आणि स्पेसरची नळी वापरावी, म्हणजे औषध घशात न साचता फुप्फुसात पोहोचते.

कोविडच्या काळात स्टेरॉइडच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसल्या. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला: रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात मात्र काही फायदा दिसला नाही. उलट आकडा १४.० वरून १७.८ टक्क्यांकडे, म्हणजे अपायाकडे झुकत होता. याचे कारण वर आलेच आहे. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी झुंजत असते, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणे म्हणजे विषाणूला मोकळीक देणे; पुढे फुप्फुसात दाह अनावर झाला की तोच दाह दाबणे म्हणजे जीव वाचवणे. औषध तेच, मात्रा तीच, फरक आजाराच्या टप्प्याचा.

२०२१ च्या उन्हाळ्यात हा फरक पाळला गेला नाही. ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केल्याच्या, मात्रा कितीतरी अधिक असल्याच्या आणि आठवडे उलटूनही ती चालू ठेवल्याच्या चिठ्ठ्या इंदूरमध्ये मोबाइलवरून एकमेकांना पाठवल्या जात होत्या. ज्यांना मधुमेह होता त्यांची साखर त्याने आणखी चढली, ज्यांना तो आहे हे ठाऊकच नव्हते त्यांची तपासली गेली नाही. मे महिन्यात धार, देवास, खरगोनकडून येणाऱ्या रुग्णांनी इंदूरची रुग्णालये भरली, आणि नातेवाईक ॲम्फोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या इंजेक्शनसाठी दुकानोदुकानी फिरू लागले. ज्याला लोक काळी बुरशी म्हणत होते तो म्युकरमायकोसिस. आणि तो करणाऱ्या बुरश्यांत प्रमुख आहे तीच रायझोपस. ती हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असते आणि निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. पण रक्तात साखर भरपूर आणि बुरशी गिळणाऱ्या पेशी स्टेरॉइडने लुळ्या पडलेल्या, अशा शरीरात ती नाकातून सायनसमध्ये, तेथून डोळ्यात आणि मेंदूत शिरते. ज्या बुरशीच्या मदतीने हे औषध स्वस्त झाले, तिच्याच जातीने या औषधाच्या बेसुमार वापराचा फायदा उठवावा, याचे मला फार वाईट वाटते. त्या काळात सगळे डॉक्टर विलक्षण ताणाखाली होते हे मला मान्य आहे. पण रोज ग्लुकोमीटरने साखर तपासायला सांगणे त्या घाईतही शक्य होते.

त्वचेवर लावण्याच्या ट्यूबबद्दल माझे मत कठोर आहे. काउंटरवर येऊन "ताई, ती खाजेची ट्यूब द्या, नाव नाही माहीत, लाल-पांढरी असते" असे म्हणणाऱ्यांना बहुधा जी ट्यूब हवी असते, तिच्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे जोरकस स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक-दोन जंतुनाशके एकत्र कोंबलेली असतात. गजकर्णावर ती लावली की दोन दिवसांत लाली आणि खाज नाहीशी होते, कारण स्टेरॉइडने दाह दाबलेला असतो. पण बुरशीला त्वचेत मोकळे रान मिळते. गजकर्णाची जी ओळख, म्हणजे उठावदार कडा आणि मध्ये निवळलेली त्वचा असलेले वर्तुळ, ती पुसली जाते. डाग पसरट, अस्पष्ट होतो आणि ट्यूब थांबवताच दुप्पट वेगाने उसळतो. मग तीच ट्यूब पुन्हा. चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावणाऱ्या मुलींचे हाल तर पाहवत नाहीत: त्वचा पातळ, लाल, उन्हात भाजणारी, पुटकुळ्यांनी भरलेली. त्वचेतून औषध किती आत जाते हे जागेनुसार बदलते. हाताच्या कोपरापुढच्या भागाच्या तुलनेत कपाळावरून सुमारे सहापट आणि अंडकोषाच्या त्वचेतून चाळीसपटीहून अधिक शोषण होते. त्यामुळे जांघेत लावलेली ट्यूब ही किरकोळ बाब नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना शेड्युल एचमध्ये आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम आहे, पण तो पाळणे माझ्यासारख्या दुकानात बसणाऱ्यांच्या हातात आहे, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल या भीतीने तो मोडला जातो हे मी नाकारत नाही. इसब किंवा सोरायसिससाठी त्वचारोगतज्ज्ञाने ट्यूब दिलीच असेल, तर तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. त्याहून अधिक थापू नये.

दीर्घकाळ गोळी घ्यावीच लागते असेही आजार आहेत: ल्युपस, मूत्रपिंडाचा नेफ्रॉटिक विकार, प्रत्यारोपण, काही रक्तविकार. अशा रुग्णाने घाबरून जाण्याऐवजी पहारा ठेवावा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर ती शरीराच्या स्वतःच्या लयीशी जुळते आणि रात्रीची झोपही कमी बिघडते. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, त्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीपासून हवे, दोन वर्षांनी पाठ दुखू लागल्यावर नव्हे. खुब्यात दुखू लागले तर ते वयाचे समजून सोडू नये, कारण मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता असते. डोळे वर्षातून एकदा तपासावेत. मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. जुना क्षयरोग डोके वर काढू शकतो, म्हणून घरात कोणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांनी न विचारले तरी आपण सांगावे. वेदनाशामक गोळ्या बरोबरीने घेतल्या तर जठरात व्रण होण्याचा धोका बराच वाढतो. साखर तपासायची तर दुपारच्या जेवणानंतरची तपासावी, कारण सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने ती दुपारी-संध्याकाळी चढते आणि उपाशीपोटीची पुष्कळदा ठीकच दिसते.

रामबागेतल्या एक काकू मध्यंतरी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्यायला आल्या होत्या. चेहरा गोल, तुकतुकीत आणि लालसर, मनगटावर बांगडी आपटून पडलेला जांभळा डाग, हात-पाय काटकुळे. बाकावरून उठताना त्यांनी दोन्ही हात काउंटरवर रोवून स्वतःला वर ओढले, कारण मांड्यांच्या स्नायूंत जोर उरला नव्हता. "अगं, त्या पुड्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी जिना चढते मी," त्या म्हणाल्या. "आता मात्र ही शुगर निघाली." पुड्या कशाच्या, हे त्यांना सांगता येईना, पण चेहऱ्यावरून शंका घेण्यासारखे बरेच होते. मी म्हटले, "काकू, त्या पुड्या डॉक्टरांना दाखवा. पण स्वतःहून एकदम बंद करू नका." त्या चमकल्या. "वाईट आहेत म्हणतेस, आणि बंदही करू नको म्हणतेस?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या गंजलेल्या व्हॉल्व्हमध्ये आहे. तीन आठवड्यांहून कमी काळ गोळी घेतली असेल तर ती बहुधा एकदम थांबवता येते. त्याहून अधिक काळ रोज घेतली असेल, तर एसीटीएच गप्प झालेले असते आणि ग्रंथी आक्रसलेली असते. तिला पुन्हा कामाला लागायला काही आठवडे ते काही महिने, कधी वर्षही लागते. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. सुरुवातीला मोठी पायरी, आणि दिवसाला ५ ते ७ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या खाली आले की अगदी बारीक पायऱ्या, कारण तेथून पुढची उणीव शरीराने स्वतः भरून काढायची असते. आमच्या दुकानातून जाणाऱ्या पाकिटांवर "सुबह नाश्ते के बाद, ७ दिन दो गोली, फिर ७ दिन एक, फिर आधी" असे पेनने लिहिलेले असते. ती शेवटची अर्धी गोळी बरे वाटले म्हणून टाकून देणारे पुष्कळ आहेत. सांधे दुखणे, अंग गळून जाणे, भूक मरणे, मळमळ ही उतरवतानाची लक्षणे मूळ आजारासारखीच वाटू शकतात, तेव्हा ती अंगावर न काढता डॉक्टरांना सांगावी.

या काळात, आणि गोळ्या थांबल्यानंतरही कित्येक महिने, शरीराला संकटात कॉर्टिसॉल वाढवता येत नाही. तीव्र ताप आला तर डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा वाढवावी लागते, बहुधा दुप्पट. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट पाहू नये, इंजेक्शनच घ्यावे लागते. दात काढण्यापासून खुब्याच्या ऑपरेशनपर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला मागच्या वर्षभरात घेतलेल्या सर्व स्टेरॉइडची माहिती द्यावी. त्यांत गोळ्या, सांध्यात घेतलेली इंजेक्शने आणि संशयास्पद पुड्याही आल्या. औषधाचे नाव, मात्रा आणि किती काळ घेतले हे लिहिलेला कागद पाकिटात किंवा मोबाइलच्या मागे ठेवावा. रुग्ण बेशुद्ध किंवा गोंधळलेला, रक्तदाब कोसळलेला, साखर आणि सोडियम उतरलेले, अशा अवस्थेत आकस्मिक विभागात पोहोचला तर त्याच कागदावरून डॉक्टरांना कळते, की त्याला सलाइनबरोबर १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन ताबडतोब शिरेतून द्यायला हवे.